वेल्सचा शेतकरी आणि ‘आपल्या भागाचे अन्न’



सहकारी चळवळीचा इतिहास सांगायला बसले की रॉबर्ट ओवेन यांचे नाव पहिल्या पानावर येते. हे गृहस्थ १७७१ साली वेल्समधील न्यूटाउन या गावी जन्मले आणि १८५८ साली त्याच गावी वारले. त्यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपले सहकारी दुकान काढले. पुढे १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे पहिले गाळप झाले. म्हणजे आपल्या चळवळीचे एक मूळ वेल्सच्या डोंगरात आहे. त्या मुलखातला शेतकरी आज काय पिकवतो, त्याला काय मिळते, याची माहिती मात्र आपल्याकडे फारशी कोणाला नसते. गेली चाळीस वर्षे तिथे एक प्रयत्न चालू आहे. आपल्या भागात पिकलेले अन्न आपल्याच भागात खपावे, ते पिकवताना जमीन आणि पाणी बिघडू नये, आणि त्याचा पैसा गावात राहावा, असा तो प्रयत्न आहे. तो कुठे जमला, कुठे फसला, हे ऊस उत्पादकाने समजून घेण्यासारखे आहे.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिम अंगाचा डोंगराळ प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर. आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडे मोठे. लोकसंख्या ३१ लाखांच्या आसपास आणि मेंढ्या ८५ ते ९० लाख. माणशी जवळजवळ तीन मेंढ्या म्हणा ना! पाऊस उदंड. स्नोडोनियाच्या डोंगरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. ऊन कमी, जमीन उताराची, माती उथळ. त्यामुळे नांगराखाली थोडी आणि गवताखाली फार, अशी जमिनीची वाटणी आहे. गवत हेच त्यांचे मुख्य पीक, आणि ते विकायचे ते दूध, लोकर व मटण या रूपाने. आपल्या सभासदांत माळकरी मंडळी पुष्कळ आहेत. पुढे मटणाचा उल्लेख येईल तो त्या देशाचे पीक म्हणून घ्यावा.

पूर्वी या मुलखाचा माल चार पायांवर चालत बाहेर जाई. गुरांचे व्यापारी शेकडो जनावरांचे कळप हाकत लंडनच्या बाजारापर्यंत नेत. दगडी वाटेने खूर झिजू नयेत म्हणून जनावरांना नाल मारत. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. आपल्या ऊसगाडीच्या बैलाला नालबंद मारतो ना, तोच प्रकार. गूस नावाच्या मोठ्या बदकांना डांबरातून आणि वाळूतून चालवून त्यांच्या पायांना तळ करत, आणि मग त्यांनाही पायी नेत. या धंद्यात पैसा इतका फिरे की लॅन्डोव्हरी गावी डेव्हिड जोन्स नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने १७९९ साली स्वतःची पेढी काढली. तिच्या नोटांवर काळा बैल छापलेला असे, म्हणून लोक तिला काळ्या बैलाची बँक म्हणत. १९०९ साली ती लॉइड्स बँकेत विलीन झाली.

यातली ग्यानबाची मेख लक्षात घ्या. वेल्समधून जाई ते हडकुळे जनावर. ते चरून पुष्ट होई इंग्लंडच्या कुरणात, आणि कापून विकले जाई लंडनात. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढे, पण ती वाढ वेल्सच्या बाहेर होई. माणसांचेही तेच झाले. केरेडिजियन जिल्ह्यातली शेकडो कुटुंबे लंडनला गेली आणि तिथे त्यांनी दुधाची दुकाने थाटली. आपल्या घाटावरची माणसे मुंबईला गेली, तशीच ही गोष्ट.

आता दुधाकडे वळू. १९३३ साली इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी कायद्याने दूध विक्री मंडळ स्थापन झाले. सगळे दूध मंडळ घेणार आणि सर्वांना सरासरीचा भाव देणार. शेतकऱ्याने किटल्या रस्त्याच्या कडेला दगडी ओट्यावर ठेवायच्या, गाडी येऊन नेणार. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याला दरमहा चेक मिळू लागला. हे मोठेच काम झाले, यात शंका नाही. पण दूध कुठे जाते, त्याचे काय होते, याच्याशी शेतकऱ्याचा संबंध सुटला. याला अपवाद होता तो उत्तर वेल्सच्या ल्लीन द्वीपकल्पाचा. तिथे दूध उत्पादकांनी १९३८ साली साउथ कार्नार्वन क्रीमरीज ही सहकारी दुग्धशाळा उभी केली. आपल्या दुधाचे लोणी आणि चीज आपणच करायचे, हा हेतू. ती संस्था आजही सभासद शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे आणि तिचे चीज ‘ड्रॅगन’ या नावाने दुकानात मिळते.

मग आले १९८४ साल. युरोपात दुधाचा महापूर झाला होता, लोण्याचे डोंगर गोदामात पडून होते. तेव्हा युरोपीय आर्थिक समुदायाने एप्रिल १९८४ पासून प्रत्येक शेतकऱ्याला दुधाचा कोटा ठरवून दिला. कोट्याच्या वर दूध घातले तर दंड. कारमार्थन, पेम्ब्रोक या जिल्ह्यांतले शेतकरी हवालदिल झाले. नवा गोठा बांधलेला, बँकेचे कर्ज अंगावर, आणि दूध वाढवायला बंदी! गाळपाच्या ऐन हंगामात तोडीचा कार्यक्रम थांबवला तर आपली जी अवस्था होईल, ती त्यांची झाली. हे कोटे ३१ मार्च २०१५ पर्यंत चालू राहिले.

अडचणीतून काहींनी वाट काढली. लिटर वाढवता येत नाहीत तर लिटरची किंमत वाढवू, असा हिशोब त्यांनी केला. आजीच्या काळात घरोघर होणारे चीज पुन्हा घरी करू लागले. तैफी नदीच्या खोऱ्यात केनार्थजवळ १९८७ साली एका शेतकरी कुटुंबाने कोट्याच्या तडाख्यातून चीजचा धंदा सुरू केला, तो आजही चालू आहे. चीजला त्यांच्या भाषेत ‘काउस’ म्हणतात. आणखी एक उदाहरण आबेरिस्टविथच्या उत्तरेकडील ब्रिनलिस या शेतावरचे. हा सेंद्रिय पद्धतीचा गोठा. १९८२ च्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला की दुधाचा टँकर शेतापर्यंत येईना. दूध ओतून देण्यापेक्षा घरच्यांनी साय काढली, लोणी केले आणि आसपास विकले. लोकांना ते आवडले. त्यातून दह्याचा धंदा उभा राहिला, ‘रेचल्स’ या नावाने साऱ्या ब्रिटनभर गेला.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण १९९९ साली हा धंदा एका अमेरिकन कंपनीने विकत घेतला आणि २०१० साली तो एका बड्या फ्रेंच दूध कंपनीकडे गेला. डब्यावर नाव शेतावरचे, मालकी परदेशात. मी याला फसवणूक म्हणणार नाही. धंदा वाढला की भांडवल लागते, आणि एकट्या कुटुंबाला ते झेपत नाही. पण १९३८ ची ती सहकारी दुग्धशाळा आणि हा दह्याचा धंदा शेजारी ठेवून पाहा. माल दोघांचाही चांगला, नाव दोघांचेही झाले. फरक पडला तो भागभांडवल कोणाच्या नावावर होते यामुळे. आपल्या राज्यात सहकारी कारखाने लिलावात निघून खाजगी झाले, ते आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलेच आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

१९९४ साली दूध विक्री मंडळ बरखास्त झाले. त्याच वर्षी व्हिटलंड गावची मोठी क्रीमरीही बंद पडली. १९९६ साली गुरांच्या मेंदूच्या रोगामुळे ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर युरोपने बंदी घातली आणि २००१ साली लाळ-खुरकूत रोगाच्या साथीत ब्रिटनभर साठ लाखांवर जनावरे मारावी लागली. दोन्ही वेळी गिऱ्हाईक विचारू लागले, हे जनावर कुठले, काय खाऊन वाढले? या प्रश्नातूनच ‘आपल्या भागाचे अन्न’ या चळवळीला खरा जोर आला. अबरगॅवनी गावचा खाद्य महोत्सव १९९९ साली सुरू झाला, गावोगाव शेतकऱ्यांचे थेट विक्रीचे बाजार भरू लागले. माखन्लेथ गावाला तर नव्याने काही करावेच लागले नाही. तिथल्या बुधवारच्या बाजाराची सनद १२९१ सालची आहे आणि बाजार अजून बुधवारीच भरतो.

सरकारने नावाला संरक्षण दिले. वेल्सच्या गोमांसाला २००२ साली, मेंढीच्या कोवळ्या मटणाला २००३ साली युरोपचे भौगोलिक मानांकन मिळाले. पेम्ब्रोकच्या लवकर येणाऱ्या बटाट्याला २०१३ साली मिळाले. समुद्राच्या उबेमुळे त्या जिल्ह्यात कडाक्याची थंडी कमी पडते, म्हणून ब्रिटनमध्ये इतरांच्या आधी तिथला नवा बटाटा निघतो. पातळ सालीचा, मातीच्या वासाचा. मानांकनाची अट अशी की लावणी, वाढ आणि काढणी पेम्ब्रोक जिल्ह्यातच झाली पाहिजे. लीक ही कांद्याच्या जातीची जाड दांड्याची भाजी वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह आहे. तिलाही २०२२ साली संरक्षण मिळाले. या लीकचे, बटाट्याचे आणि मटणाचे जे कालवण करतात त्याला ते ‘कौल’ म्हणतात. आपल्या छपराच्या कौलाशी त्याचा काही संबंध नाही, बरं का!

आपल्याकडेही कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली असे मानांकन मिळाले आहे. पण मानांकन म्हणजे पिकाला दिलेले पाणी नव्हे, ते शेताला घातलेले कुंपण आहे. चोर अडतो, पीक वाढत नाही. वेल्सचे मटण नावाजले गेले, तरी त्यातले फार थोडे वेल्समध्ये खपते. बहुतेक इंग्लंडात आणि परदेशात जाते. म्हणजे नाव आले तरी माल पूर्वीसारखाच बाहेर चालला आहे, फक्त आता गाडीतून.

असे का? माझ्या मते याचे उत्तर मधल्या दुव्यात आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये दोन हजारांवर लहानमोठे कत्तलखाने होते, आज तीनशेहूनही कमी उरले आहेत. गावचा मेंढपाळ गावच्या खाटकाला मटण द्यायला तयार आहे, खाटिक घ्यायला तयार आहे. पण जनावर कापून, तपासून, शिक्का मारून आणायला शंभर-दीडशे किलोमीटर लांब न्यायचे म्हटल्यावर दोघांचाही हिशोब बसत नाही. भाजीपाल्याचे तर विचारू नका. लागवड एकूण शेतजमिनीच्या एक टक्काही नाही. भाजी धुणारे, प्रतवारी करणारे, गार ठेवणारे केंद्र जवळ नाही, म्हणून कोणी पिकवत नाही. आणि कोणी पिकवत नाही म्हणून केंद्र निघत नाही. बटाट्याचे जमले, कारण पेम्ब्रोकमध्ये हॅवरफर्डवेस्टजवळ धुण्याची, प्रतवारीची आणि भरणीची मोठी सोय झाली आणि तिथून दुकानांना एका नावाने माल जाऊ लागला. हे ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. कारखाना नसता तर आपला ऊस जनावरापुढे टाकावा लागला असता.

दुसरा दुवा खात्रीच्या गिऱ्हाइकाचा. इथे वेल्स सरकारने जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०२२ पासून त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरसकट मोफत दुपारचे जेवण द्यायला सुरुवात केली. गरीब-श्रीमंत भेद नाही. सप्टेंबर २०२४ पर्यंत ते सर्व इयत्तांना लागू झाले. एवढी ताटे रोज लागणार, मग त्यातली भाजी वेल्सचीच का नसावी, असा विचार पुढे आला. २०२२ च्या उन्हाळ्यात कार्डिफ भागात एकाच भाजीपासून प्रयोग केला. ती भाजी म्हणजे कूर्जेट, काकडीसारखे दिसणारे भोपळ्याच्या कुळातले फळ. जवळच्या एका शेतकऱ्याने ते पिकवले, शाळांना माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यामार्फतच ते नेले.

या एवढ्याशा प्रयोगात काय काय अडचणी कळल्या पाहा. कूर्जेटचा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा तिकडे शाळांना सुट्टी! म्हणून सुट्टीतल्या मुलांच्या शिबिरात ते द्यावे लागले. स्वयंपाकघराला माल एकाच आकाराचा हवा, धुतलेला हवा, ठरल्या दिवशी हवा. आज शंभर किलो अन् उद्या काहीच नाही, असे चालत नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपली गाडी घेऊन शाळेच्या दारात उभे राहणे परवडत नाही, म्हणून व्यापाऱ्याची फिरती गाडीच वापरलेली बरी. आणि शेवटी भावाचा प्रश्न. सेंद्रिय पद्धतीने पिकवलेला गावचा माल घाऊक बाजाराच्या भावापेक्षा महाग पडतो. ती तफावत योजनेच्या पैशातून भरून दिली. पुढच्या वर्षांत इतर जिल्हे आणि गाजर, कांदा, कोबी अशी इतर पिके त्यात आली. कारमार्थन जिल्हा कौन्सिलने तर ल्लानार्थ्ने गावाजवळ आपल्या मालकीची सुमारे १०० एकरांची ब्रेमेन्डा इसाफ ही शेती शाळांसाठी भाजी पिकवायला काढली.

या योजनेत पेरणीच्या आधी ठरते की कोणती भाजी, किती, कोणत्या आठवड्यात, काय भावाने. म्हणजे आपली लागणीची नोंदच की! पीक उभे राहिल्यावर गिऱ्हाईक शोधायचे नाही. टीका करण्यासारखेही आहे. तफावतीचा पैसा सरकारी आहे, सरकार बदलले की काय होईल याची हमी कोण देणार? म्हणून शेतकऱ्याने एकाच शाळेवर सगळा मळा टाकू नये, हे खरेच.

आता जमिनीचे. आबेरिस्टविथ येथे १९१९ साली पिकांच्या पैदाशीचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून राय गवताच्या जास्त साखरेच्या जाती काढल्या. आपण उसाचा उतारा मोजतो, ते गवताचा मोजतात! कारण असे: गाईच्या पोटातल्या जिवाणूंना गवतातली प्रथिने वापरायची तर त्याच वेळी साखरेची ऊर्जा लागते. ती कमी पडली तर प्रथिनांतला नत्र मुतातून वाया जातो आणि ओढ्या-नद्यांत उतरतो. साखर वाढवली की दूध वाढते, नत्र वाया जाणे घटते. जोडीला ते पांढरे क्लोव्हर पेरतात. हे आपल्या बरसीमच्या कुळातले. मुळांच्या गाठींत हवेतला नत्र धरते, त्यामुळे युरियाची पोती कमी लागतात. आपल्याकडे ताग-धैंचा गाडणे आणि उसात हरभरा-भुईमूग घेणे यामागचे तत्त्व हेच.

पण ‘आपल्या भागाचे’ म्हटले म्हणून सगळे शुद्ध होत नाही. पोविस जिल्ह्यात कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्या. कोंबडी वेल्सची, पण तिच्या खाद्यातला सोयाबीन सातासमुद्रापलीकडून आलेला, आणि तिच्या खतातला स्फुरद वाय नदीच्या खोऱ्यात साठलेला. नदीत शेवाळ माजले. सरकारने २०२१ साली शेतीतून होणाऱ्या प्रदूषणाचे कडक नियम आणले, शेणखताच्या नत्राला हेक्टरी १७० किलोची मर्यादा घातली. लहान शेतकरी म्हणाले, घाण मोठ्यांची आणि खड्डे बांधायचा खर्च आमच्या माथी. पुढे प्रत्येक शेतावर १० टक्के क्षेत्र झाडांखाली हवे अशी अट अनुदानाच्या नव्या योजनेत आली, तेव्हा भडका उडाला. मार्च २०२४ मध्ये कार्डिफला कायदेमंडळाच्या पायऱ्यांवर शेतकऱ्यांनी चिखलात घालायचे ५५०० बूट मांडून ठेवले. या योजनेने शेतीतले तेवढे रोजगार जातील, असा अंदाज निघाला होता. घोषणा कमी, बूट जास्त! सरकारला फेरविचार करावा लागला, आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम योजनेत ती सक्ती उरली नाही.

आपल्या कार्यक्षेत्राकडे पाहिले तर गटसभेत नेहमी एकच प्रश्न येतो, “साहेब, उसात कोबी लावू हो, पण विकायचा कुठं? यार्डात नेऊन हमाली-तोलाई अन् भाडं वजा जाता हातात काय राहतं?” आणि गावातल्या वसतिगृहात शिजणारा कोबी मात्र त्याच यार्डातून परत गावात येतो. मधला दुवा आणि ठरलेले गिऱ्हाईक, या दोन्ही गोष्टी आपल्याला वेल्सपेक्षा सोप्या आहेत. गट कार्यालये आहेत, वजनकाटे आहेत, गावोगाव जाणारी वाहने आहेत, आणि वसतिगृहे, आश्रमशाळा, खानावळी कार्यक्षेत्रातच आहेत.

यंदा पूर्वहंगामी लागणीत कोबी, फ्लॉवर, कांदा, बटाटा किंवा हरभरा आणि सुरू लागणीत मेथी, कोथिंबीर किंवा भुईमूग घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी ऊस नोंदीच्या वेळीच गट कार्यालयात पुढील माहिती द्यावी: गट नंबर, लागणीची तारीख, आंतरपीक, त्याचे क्षेत्र आणि काढणीचा अंदाजे आठवडा. वसतिगृहांना आठवड्याला कोणती भाजी किती लागते याची यादी शेतकी खात्याकडून तयार होत आहे. दोन्ही याद्या समोर आल्यावर कोणत्या आठवड्यात माल जास्त होतो आणि कोणत्या आठवड्यात कमी पडतो हे दिसेल, आणि त्याप्रमाणे लागणीच्या तारखा पंधरा-पंधरा दिवसांनी पुढे-मागे करता येतील. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील आठवडे यादीत वेगळे दाखवले आहेत, ते पाहून मगच रोप टाकावे.